रानवाटेचा आडोसा

मैत्रिणींनो, पहिल्या दोन ओळी वाचून पान उलटू नका, एवढीच विनंती. विषय शिवणाचा आहे. कापड किती घ्यावं, नेफा कसा घालावा, टिच बटणं कुठे लावावीत, हे सगळं यथासांग सांगणार आहे. फरक इतकाच, की हे कपडे मी ज्यांच्यासाठी शिवले ती मंडळी रानात फिरायला जातात तेव्हा अंगावर काहीच घालत नाहीत.

"इश्श! मग शिवायचं काय?" असंच आलं ना मनात? माझ्याही आलं होतं. पण जे लोक कपड्यांवाचून चालतात, त्यांनाच कपड्यांचा विचार सर्वांत जास्त करावा लागतो. वाटेत समोरून कुणी आलं, तर पटकन, न गडबडता, नीट झाकलं जाईल असं काहीतरी हाताशी लागतंच. आपण सकाळी एकदा साडी नेसलो की दिवसभराचा प्रश्न मिटला. यांचा प्रश्न दर वळणावर नव्याने उभा राहतो.

माझा संसार गेली कित्येक वर्षं इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात आहे. शहराच्या हद्दीतच पीक डिस्ट्रिक्ट सुरू होतं. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोरिवलीचा बिबट्या उभा राहतो. इथे मात्र दगडी बांध, मेंढ्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी जांभळ्या फुलांनी भरून जाणारी माळरानं. इथल्या माणसांना चालण्याचं भारी वेड. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या वाटा अशा आहेत, की त्या कुणाच्या खासगी शेतातून गेल्या तरी तिथून जायचा हक्क सर्वांना आहे. शिवाय मोकळ्या माळांवर फिरता यावं म्हणून १९३२ साली याच भागातल्या किंडर स्काउट पठारावर शेकडो माणसं जमीनदारांची मनाई मोडून चढली होती आणि काहींनी त्यासाठी तुरुंगवासही भोगला होता. म्हणजे बघा, चालणं ही इथे नुसती हौस नाही.

या चालणाऱ्यांतलाच एक छोटासा पंथ म्हणजे नेचरिस्ट. अंगाला ऊन-वारा थेट लागू द्यावा, त्यात चावटपणा काही नसावा, एवढंच त्यांचं म्हणणं. युरोपात हे नवं नाही. ब्रायटन शहरात १९८० साली एका नगरसेविकेच्या पुढाकाराने समुद्रकिनाऱ्याचा एक भाग अशा लोकांसाठी राखून ठेवला गेला. जर्मनीत हार्त्सच्या डोंगरात २०१० साली अठरा किलोमीटरची एक वाट खास यांच्यासाठी खुली झाली. ज्यांना विवस्त्र माणसं पाहायची नसतील त्यांनी पुढे येऊ नये, अशी पाटीच आहे म्हणे तिथे. इंग्लंडमध्ये अशी पाटी-बिटी नाही. इथल्या कायद्याप्रमाणे नुसतं विवस्त्र असणं हा गुन्हा नाही. समोरच्याला धक्का बसावा, त्रास व्हावा या हेतूने अंग उघडं दाखवणं हा गुन्हा आहे. २००३ च्या कायद्यात तसं कलम आहे. म्हणजे सगळी मदार आली हेतूवर. आणि हेतू तर दिसत नाही. तो वागण्यातूनच दाखवावा लागतो.

आता आमच्या शेजारणीची गोष्ट. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, साठीच्या आसपासची बाई. कुंपणाला लागून घर. माझी कोथिंबीर तिच्याकडे, तिचा पुदिना माझ्याकडे, अशी आमची देवाणघेवाण. ती आणि तिचा नवरा आठ-दहा मित्रमंडळींबरोबर उन्हाळ्यात असं चालायला जातात हे मला ठाऊक होतं. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही, तिने कधी जास्त सांगितलं नाही. माझ्या उपासांबद्दलही ती असंच करते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

मग तिला स्तनाचा कर्करोग झाला. डावा स्तन काढावा लागला, त्यावर किरणांचे उपचार झाले. ती बरी झाली, पण चालायला जाणं बंद पडलं. दोन वर्षांनी एका दुपारी ती हातात जुनी लुंगीसारखी गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "तू मशीनवर पडद्यापासून परकरापर्यंत सगळं शिवतेस. मला एक कपडा शिवून देशील? दहा आकडे मोजेपर्यंत अंगावर आला पाहिजे, तितक्याच वेळात उतरला पाहिजे, आणि पाठीवरची सॅक काढावी लागता कामा नये."

मी "बघते" म्हटलं आणि चहा ठेवला. बाईमाणसाला विचार करायला वेळ हवा असेल तर चहासारखी सोय नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "मापं कपड्यांवरूनच घ्यायची ना?" मी म्हटलं, "हो." "मग शिव की," म्हणाले आणि पान उलटलं. नवऱ्याचा प्रश्न असा सुटला. माझा स्वतःचा राहिला होता. असल्या कामाला हातभार लावावा का? नणंदेला फोनवर काय सांगू?

तेव्हा मला आजी आठवली. आजीचं माहेर कृष्णाकाठचं. घाटावर पहाटे पुरुष, पोरं, भिक्षुक, सगळ्यांचा राबता. त्या गर्दीत बायका लुगड्यानिशी डुबकी मारायच्या, आणि ओलं लुगडं फेडून कोरडं नेसून मोकळ्या व्हायच्या. बोटभर अंग दिसायचं नाही. ओल्याचा पदर दातात धरायचा, कोरडं वरून घ्यायचं, आतलं सोडून द्यायचं. ना भिंत, ना दार, ना पडदा. आडोसा अंगावरच असायचा. मैत्रिणींनो, उघड्यावर झटपट आणि आब राखून वस्त्र बदलण्याची विद्या कुणाला येत असेल तर ती आपल्या आज्यांना. शेजारीण मागत होती ती हीच विद्या, फक्त उलट्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला, तेव्हा ती भूगोलाची मास्तरीण खुलली आणि तिने मला एक गंमत सांगितली. शेफील्डपासून जवळच मिलथॉर्प नावाचं खेडं आहे. तिथे १८८३ पासून एडवर्ड कार्पेंटर नावाचे लेखक राहत. साध्या राहणीचे भोक्ते. १८९०-९१ मध्ये सिलोन आणि हिंदुस्थान फिरून आलेले. एका मित्राने काश्मीरहून पाठवलेल्या चपला बघून ते स्वतःच चपला बनवायला शिकले, कारण बुटांत कोंडलेले पाय त्यांना पसंत नव्हते. या कार्पेंटरांना एका इंग्रज न्यायाधीशाची पत्रं येत. कुठून? आपल्या ठाण्याहून! चार्ल्स क्रॉफर्ड हे ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश. त्यांनी १८९१ साली "फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट" नावाचं मंडळ काढलं होतं. सभासद मोजून तीन, तिघेही पुरुष. माथेरानला आणि तुळशी तलावाच्या काठी जाऊन ते कपड्यांवाचून वेळ घालवत. पुढे न्यायाधीशसाहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ मोडलं. अशा प्रकारचं जगातलं सर्वांत जुनं ज्ञात मंडळ ते हेच मानतात. माथेरानला लाल मातीत चिक्की खात मी कितीदा हिंडले आहे. पण ही हकीकत मला शेफील्डच्या एका मास्तरणीने सांगावी!

तिघेही पुरुष, हे मात्र माझ्या मनात राहिलं. आपल्याकडे विवस्त्र माणूस ठाऊक नाही असं नाही. नाशिकच्या सिंहस्थात नागा साधू निघतात. कोल्हापूर-सांगलीकडे दिगंबर मुनी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन पायी विहार करताना लोक रस्त्याच्या कडेला वाकून नमस्कार करतात. ती वैराग्याची वाट, तिची तुलना कुणाच्या हौसेशी करायची नाही. पण तिथेही आर्यिका, म्हणजे स्त्री साध्वी, पांढरी साडी नेसूनच असतात. बाईच्या अंगावरचं वस्त्र सुटत नाही. ते केव्हा घ्यायचं, किती घ्यायचं, हे ठरवायला घरचे, दारचे, गावचे, सगळे तयार असतात. एक तिलाच कुणी विचारत नाही.

असो. आता शिवणाकडे वळू. कारण आमची खरी परीक्षा तिथेच होती.

आधी तिच्या जुन्या गुंडाळीत काय चुकत होतं ते पाहिलं. ती सुती होती. सुती कापड भिजलं की वाळता वाळत नाही, अंगाला चिकटतं आणि गारठा धरतं. पीक डिस्ट्रिक्टच्या पठारावर जूनमध्येही बोचरा वारा असतो, पाऊस केव्हाही येतो. रंग फिका होता. फिकं कापड ओलं झालं की असून नसल्यासारखंच. गाठ मारायला दोन्ही हात लागत आणि घाईत गाठ नीट बसत नसे. शिवाय सॅकचा कमरेचा पट्टा नेमका गाठीच्या जागी येई.

मी पातळ पण घट्ट विणीचं, लवकर वाळणारं कृत्रिम धाग्याचं कापड घेतलं. रंग शेवाळी हिरवा. रानात दुरून डोळ्यांवर येत नाही आणि ओला झाला तरी पारदर्शक होत नाही. आता हिशोब बघा. तिच्या नितंबांचा घेर ४२ इंच. समोर भरपूर आच्छादन हवं म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे २१ इंच जास्त घेतले. झाले ६३ इंच, बरोबर पावणेदोन वार. उंची गुडघ्याच्या जराशी वर, २१ इंच. नेफ्याला दोन आणि खालच्या दुमडीला दोन धरून २५ इंच कापलं. ४५ इंच पन्ह्याच्या कापडात खाली २० इंचांची पट्टी उरते. तिच्यातून वरचा कपडा निघतो. एक इंच वाया जात नाही.

नाडी नको. घाबरलेल्या हाताला नाडीची गाठ मारता येत नाही, आणि बसलेली निरगाठ सोडवणं त्याहून अवघड. वेल्क्रोचा विचार केला, पण त्यात कुसळं आणि लोकर अडकते आणि तो भर शांततेत टर्रकन वाजतो. शेवटी मोठी धातूची टिच बटणं लावली. एका ओळीत तीन, एकेक इंचाच्या अंतराने. म्हणजे जेवणाआधी आत, जेवणानंतर बाहेर! एका अंगठ्याने दाबलं की बसलं पाहिजे, ही कसोटी.

वाऱ्याचं काय? घेर मोठा, कापड हलकं, माळावर वारा. झाकायला घेतलेला कपडाच उडाला तर फजिती. पडद्याच्या काठात घालायची बारीक वजनांची दोरी बाजारात मिळते, ती खालच्या दुमडीत ओवली. कपडा कसा शहाण्यासारखा खाली राहू लागला.

वरच्या कपड्याने जरा डोकं खाल्लं. ब्लाउज किंवा झबलं घालायचं तर सॅक काढावी लागणार. मग सुचलं, पाठ तर सॅकनेच झाकलेली असते! प्रश्न फक्त पुढचा. म्हणून लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखा, पण पोटापर्यंत येणारा तुकडा कापला. खाली १८ इंच रुंद, गळ्याशी ११. गळ्यात अडकवायला फास, आणि दोन्ही बाजूंना टिच बटणांच्या पट्ट्या, त्या सॅकच्या पट्ट्यांना अडकतात. गळ्यात टाका, दोन बटणं दाबा, झालं.

त्या तुकड्याला आतून जुन्या मलमलीचं अस्तर लावलं. शेजारणीच्या छातीवरच्या व्रणाला खरखरीत काही सोसत नव्हतं. मी हळूच विचारलं, "डाव्या बाजूला थोडा कापूस भरू का? दोन्हीकडे सारखं दिसेल." ती म्हणाली, "नको. दोन वर्षं मी ते भरलेलं घेऊनच वावरते आहे. दवाखान्यात गेलं की पडदा ओढतात, घरी नवरा दिवा मालवतो. सगळे माझ्यासाठीच करतात, प्रेमानेच करतात. पण मी कधी झाकायचं ते मला ठरवू दे." मी सुई खाली ठेवली आणि थोडा वेळ काही बोलले नाही.

बारीकसारीक गोष्टीही पुष्कळ होत्या. उघड्या खांद्यावर सॅकचे पट्टे घासून साल निघते. त्यासाठी जुन्या सुती साडीचे चार पदर करून, धावदोरा घालून, गोधडीसारख्या गाद्या शिवल्या आणि पट्ट्यांवर चढवल्या. त्या सगळ्या मंडळींना इतक्या आवडल्या की आणखी सात जोड्या शिवाव्या लागल्या. बसताना प्रत्येकाने स्वतःचं वस्त्र खाली घ्यायचं, हा या लोकांचा पक्का शिष्टाचार. त्यासाठी ते जाड टॉवेल वाहून नेत. मी माझ्या ट्रंकेतले पंचे काढून दिले. वजन नाही, घडी रुमालाएवढी, आणि दोन झटक्यांत वाळतो. पंचा इंग्लंडच्या माळावर मान पावला.

पायात मात्र बूट आणि लोकरीचे मोजे हवेतच. त्यात तडजोड नाही. डोक्याला टोपी. मांड्या एकमेकींना घासतात तिथे व्हॅसलीन. इथे वाटेच्या कडेला नेटल नावाची झुडपं असतात, आपल्या खाजकुइलीची मानलेली बहीणच. ती दिसली की कपडा खाली घ्यायचा आणि पुढे जायचं. नेच्यांच्या झाडोऱ्यात गोचीड असते, तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून परत आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे नीट तपासायचं आणि गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची. आणि उन्हाचं मलम. एरवी ज्या अंगाला ऊन लागत नाही ते सर्वांत आधी भाजतं. किरणांचे उपचार झालेली त्वचा तर पुढेही कायम नाजूक राहते. तिथे मलमाचा थर हवा आणि भर दुपारी वर कपडाच हवा.

कपडा शिवून झाल्यावर आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तालीम केली. तिने नेहमीचे कपडे घातलेले, पाठीवर सॅक, आणि मी पोळपाटाशी उभी राहून आकडे मोजतेय. पहिल्यांदा बावीस झाले. कपडा सॅकच्या आत ठेवला की वेळ जातो, म्हणून कमरेच्या पट्ट्याला एक लूप लावून त्यात अडकवला. मग तेरा. मग नऊ. नवव्या आकड्याला तिने दोन्ही हात पसरून दाखवले, तशी आम्ही दोघी हसत सुटलो.

"चल ना बरोबर," ती म्हणाली. "तुला काही काढायला कुणी सांगणार नाही."

मी गेले. सलवार-कमीज, बूट, सॅकमध्ये मेथीचे ठेपले. मी कपडे उतरवले नाहीत आणि उतरवणारही नाही. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेला लेख तुम्ही निवांत वाचाल. मला माझ्या कपड्यांत बरं वाटतं. त्यावर तिथे कुणी भुवई उंचावली नाही.

तुम्हाला वाटेल, नजर कुठे ठेवायची? पहिली दहा मिनिटं मी बांधावरची फुलं इतकी निरखली की तेवढी शाळेत वनस्पतिशास्त्रालाही निरखली नव्हती. मग लक्षात आलं, की चढण आली की सगळेच पायांखाली बघतात. पुढे तर मी नजरेचा विचारच विसरले. सगळी पन्नाशी-साठीची अंगं. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या पायांवर शिरा, कुणाच्या ओटीपोटावर बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेची आडवी रेघ, अगदी माझ्यासारखी. सिनेमात आणि जाहिरातीत जी अंगं दाखवतात त्यांतलं तिथे एकही नव्हतं. न्हाणीघरात माझ्या स्वतःच्या अंगावरून मी नजर वळवते, आणि इथे तसलीच अंगं घेऊन माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत चालली होती.

यांची शिस्तही पाहिली. एकजण पन्नास पावलं पुढे, एकजण मागे. वळण, फाटक किंवा बांधावरच्या पायऱ्या आल्या की पुढचा आधी बघतो. कुणी येताना दिसलं की हात वर करतो. घोड्यावरून येणाऱ्यांपासून विशेष सावध राहायचं, कारण त्यांना कुंपणावरून लांबचं दिसतं. खेड्याजवळ, शेतघराजवळ, पोरंबाळं दिसतील तिथे आधीच झाकून घ्यायचं.

तशी वेळ आलीच. पुढच्याने हात वर केला. वळणावरून दोन घोडी आणि त्यांच्यामागे छोट्या तट्टावर एक सात-आठ वर्षांची मुलगी. मी मनातल्या मनात मोजायला लागले. आठव्या आकड्याला शेजारीण शेवाळी घागरा आणि लाळेरं घालून वाटेच्या कडेला उभी. बाकीच्यांनीही आपापलं गुंडाळलं. "सुप्रभात", "घोडी छान आहेत", असं बोलणं झालं. त्या मुलीने माझ्या ओढणीकडे टकामका पाहिलं. त्या सगळ्यांत तिला नवलाची मीच वाटले!

स्टीफन गॉफ नावाचा एक माजी सैनिक २००३-०४ मध्ये बूट, टोपी आणि सॅक एवढ्यावर ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला होता. कुणासाठीही अंग झाकायचं नाही, हा त्याचा हट्ट. त्यापायी त्याने आयुष्याची कित्येक वर्षं तुरुंगात काढली, आणि २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्याच्याविरुद्धच निकाल दिला. शेजारणीचं मत वेगळं. ती म्हणते, "वाट माझी तशी त्या मुलीचीही. तिच्यासाठी आठ आकडे झाकून घेतलं तर माझं काय गेलं?" मला हे पटलं. आपल्या घरी कुणी वडीलधारं आलं की आपण पदर सारखा करतो, त्यातही थोडं हेच असतं. कुणी डोळे वटारले म्हणून सारखा केलेला पदर मात्र वेगळा.

दुपारी ओढ्याकाठी आम्ही पंचे अंथरून बसलो. मी ठेपले काढले. ऊन चढलं होतं. तिच्या नवऱ्याने सॅकमधून मलमाची बाटली काढली, तळहातावर घेतलं, आणि बोलता बोलता तिच्या व्रणावर, काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत, नीट चोळून लावलं. उद्या बस किती वाजता आहे, असलंच काहीतरी बोलत होता तो. ती गप्प होती. नंतर घरी येताना एवढंच म्हणाली, "दोन वर्षांत आज पहिल्यांदा त्याने हात लावला. घरी त्याला वाटायचं मला दुखेल. मला वाटायचं त्याला बघवत नाही."

मला माझी मावशी आठवली. तालुक्याच्या गावची, चार घरच्या मुंजी-लग्नांत पुढे होऊन राबणारी. तिच्या छातीत गाठ होती. वर्षभर तिने कुणाला सांगितलं नाही. का? तर डॉक्टर पुरुष, दाखवायचं कसं! नवऱ्याला सांगायचीही लाज. दाखवली तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटपर्यंत तिचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट होता. सगळे म्हणाले, "किती मर्यादेची बाई!"

मैत्रिणींनो, हा लेख मी लिहायला घेतला तो मावशीसाठी. तुम्ही रानात कपड्यांवाचून हिंडावं असं मी मुळीच सुचवत नाही. आपल्याकडे तो गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमात सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. पण न्हाणीघराची कडी तर आपल्या हातात आहे? महिन्यातून एकदा, दिवा लावून, आरशासमोर उभं राहून स्वतःचं अंग नीट बघा. कुठे गाठ, कातडीला खळगा, बोंडातून स्राव, आकारात फरक असं काही नवं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आज भारतातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हातांनी तपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नाही, काही नाही. बाईने बाईला तपासलं, एवढंच. पण त्यासाठी पदर बाजूला करावा लागतो.

पुरुष डॉक्टरांची लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर शोधा, बरोबर बहीण किंवा जाऊ न्या. वर सांगितला तसा पुढून उघडणारा, टिच बटणांचा सैल कपडा शिवून अंगात घालून जा. हवा तेवढाच भाग उघडा होतो, बाकी झाकलेलं राहतं. तुमचा आडोसा तुमच्याच हातात. माझ्या दोन्ही जावांना मी असे कपडे शिवून पाठवले आहेत. धाकटी तपासून आली. थोरली अजून "बघू" म्हणते आहे, म्हणून हा अंक मी तिच्या घरी मुद्दाम पाठवणार आहे.

आणि खालचा घागरा? तोही वाया जाणार नाही. पंढरपूरला चंद्रभागेत स्नान करून कपडे बदलताना, कोकणात समुद्रावरून परतताना, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजल्यावर, गाडीच्या आडोशाला ओल्यावरून कोरडं करताना फार उपयोगी पडतो. घेर नितंबांच्या दीडपट, गडद रंग, नेफ्याला तीन टिच बटणं, आणि खालच्या दुमडीत वजनाची दोरी विसरू नका. वारा आपल्याकडेही कमी नाही.